लावू की सावकाश!

मराठी माणसाला कुणाच्याही अंगणात उभं करा. तो आधी घराचं कौतुक करील, मग झाडांचं, आणि निघताना एक पाय चपलेत सरकवून, जणू आत्ताच सुचलं अशा आवाजात विचारील, ‘याची एक काडी मिळेल का हो?’ यजमानही याच प्रश्नाची वाट बघत असतात. ते लगबगीने आत जाऊन कात्री आणतात. ही कात्री दुधाच्या पिशव्या कापायची असते. छाटणीची कात्रीही घरात असते, पण ती कुणीतरी नीट ठेवलेली असल्यामुळे सापडत नाही. मग त्या बोथट कात्रीने फांदी चेचत चेचत कापली जाते, तिचं बूड ओल्या रुमालात गुंडाळलं जातं, आणि देणारा व घेणारा दोघंही एकाच वेळी म्हणतात, ‘लगेच लागते हं ही.’

लागते, यात शंका नाही. अडचण ‘लगेच’ची आहे.

काडी घरी पोचते तेव्हा रात्र झालेली असते. कुंडी असते, पण तिच्यात गेल्या वर्षीची वाळलेली तुळस असते आणि ती उपटायला कुणी धजत नाही. माती संपलेली असते. माती आणायची तर नर्सरीत जायला हवं, नर्सरीत जायचं तर रविवार हवा, आणि रविवारी कुणाची तरी मुंज असते. शिवाय घरातलं वडीलधारं कुणीतरी मत देतं, की काड्या कशा पावसाळ्यात लावाव्यात. हे मत बहुधा दिवाळीच्या सुमारास दिलं जातं. मग काडी न्हाणीघरातल्या बादलीत जाते, बादली लागली की खिडकीत जाते, आणि खिडकीतून कुठं जाते ते कचरा नेणाऱ्यालाच ठाऊक.

आपल्याकडे एक जुना सिद्धान्त आहे, की मागून आणलेली काडी लागत नाही, चोरून आणलेली हमखास लागते. मनीप्लांटच्या बाबतीत तर हे शास्त्र म्हणूनच सांगतात. मला हा सिद्धान्त अगदी मान्य आहे, फक्त त्यात दैवी काही नाही. चोरलेली काडी माणूस घरी येताच मातीत खोचतो. ती ओट्यावर ठेवून चालत नाही, कारण ज्यांच्या कुंडीतून उचलली त्या काकू संध्याकाळी विरजण मागायला येणार असतात. मागून आणलेल्या काडीला असलं भय नाही. ती उजळ माथ्याने चार दिवस ओट्यावर पडते आणि उजळ माथ्यानेच वाळते.

तोडलेल्या काडीचा जमाखर्च तसा सोपा आहे. मूळ नाही, म्हणजे पाण्याची आवक बंद. पानं आहेत, म्हणजे जावक चालू. आत साठलेल्या पिष्टावर श्वास चालू. नवी मुळं फुटेपर्यंत ही शिल्लक पुरली तर झाड, नाहीतर काटकी. आता हा श्वास किती वेगाने चालतो ते उष्म्यावर ठरतं. ढोबळ मानाने दर १० अंश सेल्सिअसला त्याचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो, आणि उलट दिशेने गेलं तर तेवढाच कमी होतो. मे महिन्यातल्या ३४ अंशांतून काडी उचलून ४ अंशांत नेली, की तिचा खर्च आठपटीने तरी उतरतो. आणि ४ अंशांची जागा आता घरोघरी असते. तिच्यात आपण कोथिंबीर ठेवतो.

आमच्या घरातली ही जागा बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ताब्यात घेतली त्याला कारण न्यू जर्सी. माझी नणंद तिकडे राहते. तिच्या परसात अंजिराचं झाड आहे. थंडी सुरू झाली की ती ते छाटते, उरलेलं झाड गोणपाटात गुंडाळते, आणि छाटलेल्या काड्या ओलसर कागदात, मग झिपलॉकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवते. बाहेर बर्फ पडत असतो. मार्चमध्ये ती काड्या काढते, त्यांना मुळं फुटवते आणि ओळखीच्या मराठी घरांत वाटते. हे सगळं ती व्हिडिओ कॉलवर दाखवते. बाबांनी असा एक कॉल पाहिला आणि त्याच आठवड्यात सासवडहून अंजिराच्या काड्या आल्या. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा काड्यांच्या कुळशीलाबद्दल शंका नव्हती. फक्त बाहेर बर्फ नव्हता. बाहेर जानेवारीचं लख्ख ऊन होतं, गच्चीत रिकाम्या कुंड्या होत्या, आणि बाबा निवृत्त आहेत.

‘अहो, हे खालच्या खणात काय आहे?’ आईंनी विचारलं.

‘अंजीर.’

‘कुठाय अंजीर?’

‘होणार आहे.’

त्या दिवसापासून आमच्या फ्रिजचा खालचा खण हा वादग्रस्त सीमाभाग झाला. आधी तिथं आईंचं राज्य होतं. कोथिंबीर, कढीपत्ता, आलं, देवाच्या फुलांची पुडी, आणि सणावाराच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळलेला गजरा. म्हणजे बघा, मूळ नसलेलं ताजं काहीतरी ओलसर गुंडाळून थंडीत जपायची विद्या आमच्या घरात आधीपासूनच होती. आईंना ती कुणी शिकवली नव्हती आणि त्यांनी तिला शास्त्रही म्हटलं नव्हतं. बाबा मात्र शास्त्र घेऊन आले, आणि शास्त्राबरोबर बंदी आली. खालच्या खणात फळं ठेवायची नाहीत.

बंदीमागचं कारण खरं आहे. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो. सफरचंद, चिकू, आंबा, पेरू, सगळे हा वायू सोडतात. तो फळांना पिकवतो, पण काडीवरच्या डोळ्यांना मारतो. काडीला पानं असली तर पिवळी पाडून गाळतो. परदेशातले हौशी बागवान म्हणूनच कलमाच्या काड्या असलेल्या फ्रिजमध्ये सफरचंद शिरू देत नाहीत. बाबांनी हे सगळं जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘फ्रिजमध्ये फळं ठेवायची नाहीत, तर काय पुस्तकं ठेवायची?’ शेवटी तह झाला. फळं वरच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. हा तह हापूसची पहिली पेटी येईपर्यंत टिकतो. मग ज्याचं वजन जास्त तो जिंकतो.

काडी गुंडाळायच्या कागदावरही आमच्याकडे बराच ऊहापोह झाला. कागद ओला नको, ओलसर हवा. मुठीत दाबल्यावर थेंब पडला तर तो ओला. वर्तमानपत्राची रंगीत गुळगुळीत पुरवणी या कामी निरुपयोगी, ती पाणी पीतच नाही. सगळ्यात छान ओल धरतं ते अग्रलेखाचं पान. काडी उघडी ठेवून चालत नाही, कारण आजकालचे फ्रिज आत बर्फ साठू देत नाहीत, म्हणजेच आतली हवा सतत कोरडी करत असतात. उघडी काडी तिथंही वाळते, फक्त थंडपणे. आणि फार ओली ठेवली तर करडी बुरशी येते. या बुरशीला थंडीचं काहीच वाटत नाही, शून्य अंशाच्या आसपासही ती आपली हळूहळू पसरत असते. फ्रिजरमध्ये ठेवली तर विषयच संपला. पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फुटतात, आणि बाहेर काढल्यावर काडी शिजवलेल्या शेवग्याच्या शेंगेवर जाते.

पण या सगळ्या तंत्राच्या तळाशी एक गोष्ट आहे, जी न्यू जर्सीच्या कॉलमध्ये कुणी सांगत नाही, कारण तिकडे ती सांगावी लागत नाही. फ्रिज काडीला झोपवत नाही. आधीच झोपलेल्या काडीला तो उठू देत नाही, एवढंच त्याचं काम. तिकडे अंजीर, सफरचंद, द्राक्ष ही झाडं शिशिरात पानं टाकून, अन्नाचा साठा लाकडात भरून, डोळे मिटून बसतात. त्या अवस्थेतली काडी शून्य ते चार अंशांत महिनोन्‌महिने राहते. हिमाचलात सफरचंदाच्या कलमांसाठी काड्या थंडीतच काढून ठेवतात आणि झाडांत रस चढू लागला की कलमं बांधतात. झोप निसर्गाची, फ्रिजची फक्त चादर.

आपल्याकडे ही झोपच नाही. महाराष्ट्रातल्या द्राक्षवेलीची गोष्ट घ्या. थंड देशात वेल वर्षातून एकदा छाटतात आणि ती हिवाळाभर घोरते. आपण तिला दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. नाशिक, सांगली, सोलापूरकडची वेल ऐन थंडीत घडांनी लगडलेली असते. निफाडला पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरला, की बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. म्हणजे ज्या तापमानाला न्यू जर्सीतली काडी सुखाने निजते, त्याच तापमानाला आपली वेल जागी असते, पोटुशी असते, आणि तिला शेक द्यावा लागतो. पुरेशी थंड झोप न मिळाल्यामुळे ऑक्टोबरात तिचे डोळे एकसारखे फुटतही नाहीत. मग मजूर लावून काडीच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. तिकडे झोपलेल्याला जपायचं, इकडे न झोपलेल्याला उठवायचं. अशा वेलीची काडी फ्रिजमध्ये ठेवली तरी काही दिवस टिकते, नाही असं नाही. पण ती झोपलेली नसते, नुसती गारठलेली असते. म्हणून आपला द्राक्ष बागाईतदार कलम भरायच्या दिवसांत काडी ओल्या गोणपाटात आणतो आणि शक्य तितक्या लवकर भरून मोकळा होतो. ‘लावू की सावकाश’ हे वाक्य तो मजुरी चालू असताना उच्चारत नाही.

उसाचं तर याहून उलट. महाराष्ट्रात लाखो एकरांवर जे लावतात ते मूळ नसलेलं कांडंच असतं. एक डोळ्याची, दोन डोळ्यांची टिपरी सरीत आडवी टाकायची आणि पाणी सोडायचं. इतक्या प्रचंड प्रमाणावर काडी लावणारा हा प्रदेश, पण उसाच्या बेण्याला कुणी थंडीत ठेवत नाही. तोडलेलं बेणं चोवीस तासांत लावा, असं तज्ज्ञ सांगतात. काही ठिकाणी तर गवताळ वाढीसारखे रोग मारायला त्याला ५४ अंशांच्या बाष्पयुक्त गरम हवेत काही तास बसवतात. अंजिराला हिमालय आणि उसाला भट्टी. वनस्पतीशास्त्रात सरसकट नियम करू पाहणाऱ्याला हे दोन शेजारी पुरेसे आहेत.

झोपलेली काडी काय करू शकते याची माझी आवडती गोष्ट मात्र अमेरिकेची आहे. विल्यम थॉमसन नावाचा एक इंग्रज माणूस कॅलिफोर्नियात १८६३मध्ये येऊन स्थायिक झाला. १८७२मध्ये त्याने पार न्यूयॉर्कहून द्राक्षाच्या काड्या मागवल्या. किती? तीन. जातीचं नाव ‘लेडी डी कव्हर्ली’. तीनपैकी दोन मेल्या. एक जगली. १८७५मध्ये मेरीस्व्हिल इथल्या प्रदर्शनात त्या वेलीची बिनबियांची द्राक्षं लोकांनी पाहिली आणि लेडी बाईंचं नाव मागे पडून थॉमसन सीडलेस हे नाव चिकटलं. काडीतून आलेली वेल म्हणजे मूळ वेलीचाच तुकडा. तिची काडी, त्या काडीची काडी, असं करत कॅलिफोर्नियातले मळेच्या मळे त्या एका जगलेल्या काडीतून उभे राहिले. आपल्याकडची थॉमसन ही त्याच जातीची, आणि तासगावची तास-ए-गणेश ही थॉमसनमधूनच निवडलेली. ज्या बागाईतदाराने तीन काड्या मागवल्या आणि दोन मारल्या, त्याचं नाव जगभरच्या द्राक्षावर लागलं. आमच्या सोसायटीत तीनपैकी दोन काड्या मेल्या तर माणसाला पुन्हा कुणी काडी देत नाही. शिवाय थॉमसनने त्या मागवून घेतल्या होत्या, चोरल्या नव्हत्या, तरी एक लागली.

दुसरी गोष्ट टेक्सासच्या टी. व्ही. मन्सन यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागांची मुळं खाऊन टाकली. ही कीड अमेरिकेतून गेली, ती द्राक्षाच्या रोपांबरोबरच. औषधही तिथूनच जायचं होतं, कारण अमेरिकेतल्या रानवेलींची मुळं या किडीला दाद देत नाहीत. त्या रानवेलींवर आपली द्राक्षं कलम करायची, हा तोडगा निघाला, आणि अमेरिकेतून फ्रान्सला काड्यांचे भारे जाऊ लागले. कुठल्या वेलींचा खुंट वापरावा हे सुचवणाऱ्यांत मन्सन होते, आणि १८८८मध्ये फ्रान्सने त्यांचा सन्मान केला. समुद्रावरचा असा प्रवास करायचा तर काडी झोपलेलीच हवी. जागी काडी बोटीवरच पालवते आणि बोटीवरच वाळते. याच टेक्सासच्या रानवेलींतली एक डॉगरीज. खारवट जमीन आणि पाण्याचा ताण सोसते म्हणून आपल्या बागाईतदारांनी ती खुंट म्हणून उचलली. आज नाशिकच्या किंवा सांगलीच्या बागेत जाऊन वर लटकलेला घड कितीही मराठी वाटला, तरी मातीत उभा आहे तो बहुधा टेक्सासचा पाय.

हे सगळं ऐकल्यावर बाबा म्हणाले, ‘म्हणजे काड्या पाठवता येतात. मग तिला सांग, येताना तिच्या अंजिराच्या दोन काड्या पिशवीत घालून आण.’ नाही आणता येत. २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय लागवडीचं काहीही देशात आणायला मनाई आहे. ‘एवढीशी तर काडी!’ हा युक्तिवाद विमानतळावर चालत नाही. फायलोक्सेरासुद्धा एवढीशीच होती.

परवाने घेऊन मात्र काड्या आज विमानाने जातात, आणि कोट्यवधींनी जातात. केनिया, इथिओपिया, युगांडा इथल्या मळ्यांत शोभेच्या झाडांच्या शेंड्याच्या काड्या मोजून पिशव्यांत भरतात, खोक्यांत थंड ठेवतात आणि युरोपला उडवतात. तिकडे त्यांना मुळं फुटवतात. यात शेवंती सगळ्यांत समंजस. तिची पानासकट कोवळी काडीही शून्याच्या जरा वर तीन-चार आठवडे कुरकुर न करता राहते. जिरेनियम मात्र चार दिवसांतच पिवळं तोंड करतं. नाताळात लाल पानांनी मिरवणारं पॉइन्सेटिया त्याहून नाजूक, त्याला दहा अंशांच्या खाली नेलं की बिघडतं.

आणि इथंच आपल्या गॅलरीतल्या बागेचा पेच आहे. आपण ज्या काड्या मागून आणतो त्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. जास्वंद, मनीप्लांट, क्रोटन, कोलियस, मोगरा. यांनी जन्मात थंडी पाहिलेली नाही. चार अंशांत यांच्या पेशींची आवरणं बिघडतात, पाणी झिरपतं, पानं काळवंडतात. फ्रिजमध्ये केळं काळं पडतं ते याच जातीच्या दुखण्याने. तरी आमच्या सोसायटीत जास्वंदीची काडी फ्रिजमध्ये ठेवणारे लोक आहेत, आणि ती काळी पडल्यावर ‘जातच हलकी होती’ असं म्हणणारेही तेच आहेत. ज्या काड्या आपल्याकडे थंडी सोसतात, अंजीर, डाळिंब, तुती, गुलाब, द्राक्ष, त्यांची यादी छोटी आहे. आणि त्यातही पक्व, पेन्सिलीएवढी जाड, पानं काढलेली काडीच चालते. कोवळा लुसलुशीत शेंडा दिसायला कितीही गोड असला तरी नाही.

सत्काराच्या पुष्पगुच्छातला गुलाब हा आणखी एक उपद्व्याप. समारंभ संपला की त्या लांब दांड्याच्या गुलाबाचं फूल वाळायच्या आत कुणीतरी त्याची दांडी बटाट्यात खोचतं, कारण मोबाइलवर कुणीतरी खोचताना पाहिलेलं असतं. पूर्वी कलमाच्या काड्या लांब पाठवताना बुडं ओली राहावीत म्हणून बटाट्यात टोचत, हे खरं आहे. पण त्या गुच्छातली दांडी आधीच मळ्यातून शीतगृहात, शीतगृहातून गाडीत, गाडीतून दुकानात अशी थंडी खात आलेली असते. तिच्या शिलकीतलं बरंचसं अध्यक्षीय भाषणातच संपलेलं असतं. कुंडीत पुढं जे उगवतं तो बटाटा असतो. आमच्या एका शेजाऱ्यांनी त्याची भाजीही केली, आणि सत्काराची म्हणून ती चांगली लागली असं ते सांगतात.

काडी फ्रिजमधून काढायचा दिवस हा तर वेगळाच सोहळा. पहिला प्रश्न, वर कुठलं आणि खाली कुठलं? पानं काढलेल्या काडीकडे बघून हे चटकन कळत नाही, आणि काडी मात्र याबाबतीत फार कट्टर असते. मुळं खालच्याच टोकाला फुटतात. उलटी खोचली तर ती रुसते. म्हणून जाणते लोक कापतानाच वरचा छेद सरळ आणि खालचा तिरका घेतात. आमच्या घरी हा नियम पाळला गेला होता, फक्त कुठला छेद कशासाठी यावर दोन मतं होती. दुसरा प्रश्न, हे आहे काय? चिठ्ठी असते, पण पेनाची शाई ओलीत फुटून तिच्यावर निळा ढग झालेला असतो. (शिसपेन्सिलीने लिहावं. पेन्सिलीला ओलीचं काही होत नाही.) एका पुरचुंडीवर ‘मामाकडचं’ एवढंच शाबूत होतं. मामांकडे सतरा झाडं आहेत.

बुडाचा पातळ काप नव्याने घ्यावा, काडी काही तास पाण्यात ठेवावी, आणि मग लावावी. लावल्यावर आठ-पंधरा दिवसांत डोळा फुटतो, हिरवं टोक दिसतं, आणि घरात आनंदीआनंद होतो. फोटो निघतात. न्यू जर्सीला जातात. हा आनंद बहुतेक वेळा खोटा असतो. डोळा फुटायला मूळ लागत नाही. तो शिलकीवरच फुटतो. वरती उष्णता आधी पोचली तर पालवी मुळाच्या आधी येते, साठा खाऊन टाकते, आणि महिन्याभराने मान टाकते. थंड देशांतले जुने द्राक्षवाले यावर एक युक्ती करत. काड्यांच्या जुड्या वाळूच्या खड्ड्यात चक्क उलट्या पुरत, बुडं वर. उन्हाने वरची वाळू तापते, बुडाला ऊब मिळते आणि तिथं मुळांची तयारी सुरू होते. खाली गारव्यात डोळे गप्प राहतात. मग सुलट्या करून लावतात. युक्ती इतकी सुंदर आहे, की बाबांनी ती गच्चीत करून पाहिली, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू आईंना बाजूला घेऊन विचारत्या झाल्या, ‘सगळं ठीक आहे ना घरात?’

याच्यापुढचा धोका काडीला थंडीचा नसतो, बुरशीचाही नसतो. तो घरच्या माणसांचा असतो. आपल्याकडे काडीला मुळं फुटली का, हे बघायची एकच मान्यताप्राप्त पद्धत आहे : ती ओढून बघणे. सकाळी चहा घेऊन बाबा ओढतात. पूजेची फुलं काढताना आई ओढतात. शाळेतून आल्यावर मुलगा ओढतो. पाहुणे आले की त्यांना ‘जरा ओढून बघा’ असं सांगितलं जातं. नुकतं फुटलेलं केसाएवढं मूळ दर वेळी तुटतं, आणि मग सर्वानुमते ठरतं, की अजून मुळं आलेली नाहीत. मी याला आळा घालायचा प्रयत्न केला. ओढू नये अशी चिठ्ठी लावली. आता सगळे चिठ्ठी बाजूला करून ओढतात.

माझं मत विचाराल तर पुण्यामुंबईत, नाशिककोल्हापुरात, कोकणागोव्यात राहणाऱ्या माणसाला काडी फ्रिजमध्ये ठेवायची वेळ क्वचितच येते. बर्फाखाली जमीन गोठलेल्यांची ती गरज आहे. आपली जमीन वर्षभर उघडी असते, वाट बघते ती आपणच बघायला लावतो म्हणून. शिमल्याच्या सहलीत कुणी सफरचंदाची झोपलेली काडी दिली, गावाकडून अंजीर आलं आणि उद्याच लग्नाला जायचंय, अशा वेळी जरूर ठेवा. फक्त थंडीने काडी सुधारते असं समजू नका. जशी आत जाईल तशीच, थोडी म्हातारी होऊन, बाहेर येईल.

तेव्हा ठेवायचीच असेल तर पानं काढा, पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहा, फळांपासून लांब ठेवा, आणि घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आधी सांगा. कण्हेरीची काडी मात्र कोथिंबिरीच्या शेजारी चुकूनही ठेवू नका. ती शेंड्यापासून मुळापर्यंत विषारी असते, आणि तिला फ्रिजची गरजही नाही. खिडकीतल्या पाण्याच्या बाटलीत ती आपणहून मुळं सोडते.